काळी तीन

मला पेटी शिकायची नव्हती. मला ती येत असायला हवी होती. शिकणं ही मधली कटकट. बँकेत हयातभर कर्जाच्या फायली हाताळल्यावर मधल्या कटकटी टाळून थेट मंजुरीच्या सहीपर्यंत कसं पोचायचं, याचं थोडंबहुत ज्ञान माणसाला होतंच.

माझ्या डोळ्यांपुढे प्रसंग पक्का होता. सभागृह भरलंय, गायक येऊन बसलेत, तबला जुळतोय आणि पेटीवाला लोकलमध्ये अडकलाय. (मध्य रेल्वेवर विसंबून ज्या कल्पना कराव्यात, त्या सहसा खोट्या ठरत नाहीत.) संयोजक घाम पुसत माइकवर येतो आणि विचारतो, ‘श्रोत्यांत कुणी साथ करू शकेल का?’ तिसऱ्या रांगेतून पांढऱ्या झब्ब्यातला एक गृहस्थ संकोचाने उठतो आणि म्हणतो, ‘थोडंफार येतं.’ हे ‘थोडंफार’ मी दाढी करताना आरशासमोर खूप घोटलं होतं. आवाज खाली ठेवायचा, नजरही खाली, पण इतकी नाही की संयोजकाला ऐकूच येऊ नये. पुढे मी नेमकं काय वाजवलं, हे त्या दृश्यात कधी आलं नाही. दृश्य तिथून थेट टाळ्यांवर जायचं.

साथीदाराच्या हालचालीही मला पेटीच्या आधी आल्या. गायकाकडे कान देऊन किंचित कलणं, त्याने एखादी जागा घेतली की डोळे मिटून मान हलवणं, मध्येच तबलजीकडे बघून ओळखीचं हसणं. अप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर या सगळ्यांना मी पुढच्या रांगेत बसून ऐकलंय. त्यांच्या बोटांकडे मात्र कधी लक्ष दिलं नाही. ती आपोआप चालतात, अशी माझी समजूत होती.

पेटी घरात होतीच. साताऱ्याचं घर विकलं तेव्हा आईच्या जुन्या नऊवारीत बांधलेलं ते गाठोडं डोंबिवलीच्या माळ्यावर आलं आणि निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात मी ते खाली काढलं. भाता ओढला तर पेटीने एक दीर्घ उसासा टाकला. स्वर एकही नाही. मग कल्याणच्या एका बोळातले दुरुस्तीवाले शोधून काढले. त्यांनी वरची जाळी काढली, पट्ट्यांची फळी उचलली आणि आत डोकावून ‘अरेरे’ म्हणाले. डॉक्टर असं म्हणाला असता तर मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो असतो. आत वाळकी झुरळं, केसांचा एक आकडा, अॅल्युमिनियमचं चौकोनी पाच पैशांचं नाणं आणि पेन्सिलीचा तुकडा. भात्याचं चामडं कोपऱ्यांतून उंदरांनी खाल्लेलं आणि सुरांवर हिरवट कीट चढलेलं.

त्यांचं काम मी बघत बसलो. पेटीतला सूर म्हणजे बोटभर पितळी पट्टी. तिच्या खाचेत एका टोकाला जखडलेली एक पातळ जीभ. जिभेखाली पत्र्याची चकती सरकवून ते ती धारेने जरासं खरवडायचे. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. खरवडायचं, ओठांशी धरून फुंकायचं, ऐकायचं, पुन्हा खरवडायचं. बाहेर रिक्षांचे हॉर्न, शेजारी मिक्सर दुरुस्तीचं दुकान, आणि हे गृहस्थ केसाएवढा सूर शोधताहेत. ३९ पट्ट्या, प्रत्येकीला खर्ज आणि नर असे दोन सूर, म्हणजे ७८ जिभा. माझ्या घरात आत्तापर्यंत दोनच होत्या आणि त्याच जुळता जुळत नव्हत्या.

“सूर जर्मन असतील ना हो?” मी आशेने विचारलं. जुन्या पेट्यांत जर्मन किंवा पॅरिसचे सूर असतात, एवढं ऐकून होतो.

“पालिताण्याचे. गुजरातचे. चांगले असतात.”

असतीलच. तरी घरी आल्यावर मी बायकोला, शेजारच्यांना आणि बँकेतल्या दोन जुन्या सहकाऱ्यांना ‘जर्मन सूर आहेत’ असंच सांगितलं.

आता इथे थोडं विषयांतर करतो. गेले काही महिने भेटेल त्याला मी हे सांगतोय. लोक मला टाळायला लागलेत, पण वाचकाला जागेवरून उठून जाणं जरा अवघड असतं. तर, ही पेटी मूळची फ्रेंच. १८४० च्या आसपास पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने तिला हार्मोनियम हे नाव देऊन पेटंट घेतलं. ती उभी, पायाने भाता मारायची. चर्चमध्ये प्रार्थनेला ठीक. पण आपल्याकडे गाणं जमिनीवर बसून व्हायचं आणि पायांना मांडी घालण्यापलीकडे काही काम नसायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता मागे नेऊन डाव्या हाताच्या ताब्यात दिला, पेटी बुटकी केली आणि ती देशभर बैठकीत जाऊन बसली. भजनात बसली, कीर्तनात बसली, नाटकात तर ठाण मांडूनच बसली. ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे मुळात पेटीवाले. पुढे ते ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र झाले, पेटीवाल्याला राज्य मिळाल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे आणि तेही लगेच विश्वामित्राला देऊन टाकावं लागलं.

आणि अशा या पेटीवर १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली! दारूवर नाही, सट्ट्यावर नाही, पेटीवर. रवींद्रनाथांना तिचा तिटकारा होता आणि त्यांनी तो कलकत्ता केंद्राला पत्राने कळवला होता. त्याआधी १९३८ मध्ये दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने तिच्यावर एक जहाल लेख लिहिला होता. एका गोष्टीवर इंग्रजांचं आणि राष्ट्रीय विचारांच्या लोकांचं एकमत झालं, ती गोष्ट म्हणजे पेटी. आरोप दोन. एक, तिच्यावर मींड निघत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, उडीच मारावी लागते. दुसरा, तिच्यात सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असल्यामुळे श्रुतींचा बारीक हिशेब बुडतो. तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढाच लागतो. शिवाय ती परदेशी. आता व्हायोलिन काही कोल्हापुरात जन्मलेलं नाही, पण ते चाललं. आणि स्वदेशीचा हा आग्रह ज्या यंत्रातून पाळला जात होता, त्या रेडिओचा शोध कुठल्या तालुक्यात लागला, याची चौकशी कुणी केली नाही.

स्वातंत्र्य आलं, पेटीला मिळालं नाही. आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते. त्यांनी तर सिनेमाची गाणीही आकाशवाणीच्या उंबऱ्याबाहेर काढली आणि सबंध देश रेडिओ सिलोन ऐकायला लागला. या सगळ्या काळात गायक रेडिओवर सारंगी घेऊन गात आणि संध्याकाळी गणपतीसमोर तेच गायक पेटी घेऊन गात. बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर, मुंबईचे पी. मधुकर हे लोक पेटीतून जे काढत होते, ते ऐकायला श्रोते रात्र रात्र बसत होते. १९७१ साली बंदी सैल झाली, तीही सरसकट नव्हे. आज बंगालमध्ये रवींद्रसंगीत शिकणारी मुलगी पहिल्यांदा काय पुढ्यात घेते, हे मी सांगत नाही. आणि आमच्या ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी तर बावीस श्रुतींची पेटीच करून आरोपपत्रातलं एक कलम निकालात काढलं.

हे सगळं मी इतक्या तपशिलाने वाचून ठेवलं, त्यामागे निव्वळ ज्ञानलालसा नव्हती. क्लासमध्ये माझं बोट चुकलं की मी म्हणायचो, “मींड निघत नाही ना पेटीवर, त्यामुळे.” एखादा स्वर कर्कश लागला की दोष समान सप्तकाचा. पॅरिस आणि आकाशवाणी मिळून एका विद्यार्थ्याला किती दिवस पुरतात, याचा मी शोध लावला आहे. फार पुरत नाहीत.

पण या बंदीचा आमच्या घराशी थेट संबंध होता. वडील साताऱ्याला कचेरीत होते. सरकारने जे निषिद्ध मानलं, ते घरात आणायचं नाही, हा त्यांचा दंडक. ताईला गळा होता. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, हिला पेटी घेऊन द्या; वडील म्हणायचे, रेडिओवर चालत नाही ते आपल्याकडे कशाला? १९७१ ची बातमी त्यांनी पेपरात वाचली. मग बहात्तरच्या दुष्काळात लोक भांडीकुंडी विकत होते, तेव्हा कुणाची तरी पेटी स्वस्तात मिळाली आणि वडील ताईला घेऊन गेले आणि ती घेऊन आले. कितीला, ते आईलाही सांगितलं नाही.

मी नऊ वर्षांचा होतो. पेटीला हात लावायची मला बंदी. ती तर कधीच उठली नाही. पेटी मुलीसाठी होती, आणि मुलीसाठी म्हणजे मुलगी दाखवण्यासाठी. शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी ताईची तीन पदं बसवली: एक अभंग, एक भावगीत, एक नाट्यपद. मुलाचे वडील असतील तर अभंग, आई असेल तर भावगीत आणि मुलाने स्वतः काही विचारायचं धाडस केलं तर नाट्यपद. पोहे झाले की आई म्हणायची, “आमची सुमन थोडं गाते हं,” आणि मी आतल्या खोलीतून पेटी उचलून आणायचो. मला एवढंच काम आणि उरलेले पोहे. एकदा एक संभाव्य सासरे अभंगातच झोपले आणि उठल्यावर म्हणाले, स्वयंपाक येतो ना? शेवटी जिथे जमलं, त्या सांगलीच्या लोकांनी गाणं विचारलंच नाही. पेटी लागली नाही, म्हणून सासरीही गेली नाही.

तर अशी ही पेटी घेऊन मी तेवीस वर्षांच्या एका मुलीच्या घरी जाऊ लागलो. ती सीएची आर्टिकलशिप करते आणि सकाळी सात ते आठ पेटी शिकवते. मला ती ‘काका, तुम्ही’ म्हणते. मी तिला ‘तू’ म्हणू की ‘तुम्ही’, हे न ठरल्यामुळे माझी सगळी वाक्यं ‘इथे अंगठा आणायचा असतो का?’ अशा निनावी वळणाची झाली. अंगठा हे माझं मोठं दुखणं. सा-रे-ग झालं की म वर अंगठा खालून गुपचूप आणायचा. माझा अंगठा वरून, वाजतगाजत यायचा. अनामिका तर जुन्या शिपायासारखी: बेल वाजवली की शेजारचा उठतो, ही नाही. आयुष्यभर या बोटांनी सह्या केल्या, नोटा मोजल्या, कधी कुरकूर केली नाही. आणि आता सारेग-रेगम-गमप म्हटलं की मपधला पोचेस्तोवर सगळ्यांची बदली झालेली.

माझ्या वेळेला चौथीतला एक मुलगा असतो. त्याचे अलंकार दुगणीत चालतात आणि वाजवताना तो खिडकीबाहेरची कबुतरं मोजतो. पहिल्या आठवड्यात त्याने मला कौतुकाने विचारलं, “आजोबा, तुमचा होमवर्क कोण घेतं?” मी म्हटलं, “मीच.” तो म्हणाला, “मग कळतंय.”

या पोराचा मला राग येत नाही. राग येतो तो मोठ्यांचा. पेटी शिकतोय म्हटलं की समोरच्याचा चेहरा उजळतो आणि तो म्हणतो, “अरे वा, मेंदूला फार चांगलं असतं!” सोसायटीतल्या डॉक्टरांनी पाठ थोपटून सांगितलं, विस्मरण लांबतं. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर कुणीतरी आठ ओळींचा मजकूर टाकला. त्यात अक्रोड, सुडोकू, उलट्या हाताने दात घासणं आणि ‘एखादे वाद्य शिकणे’ एकाच यादीत. अहो, यमन काय त्रिफळा चूर्ण आहे? सकाळी उठून कोमट पाण्याबरोबर एक आवर्तन? साठीनंतर माणसाने काहीही केलं तरी ते औषध म्हणूनच केलं असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. पोरगं शिकतं तेव्हा कुणी म्हणत नाही, छान, काविळीला बरं. आम्हाला तेवढी हौससुद्धा प्रकृतीच्या नावाखाली करावी लागते. मला मेंदू टिकवायचा नाही. मला मिरवायचंय. ते म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून मी सगळ्यांना “हो ना, मेंदूला चांगलं” असं म्हणत राहिलो.

आणि मिरवण्याचा मार्ग मला एका दुपारी अचानक सापडला. पांढऱ्या पट्ट्यांवर डाळ शिजत नाही म्हणून मी कंटाळून नुसत्या काळ्या पट्ट्या दाबत बसलो होतो आणि पेटीतून भूप यायला लागला. खरा, ओळखू येणारा भूप! काळी तीनला सा धरला की काळी चार, काळी पाच, पुढची काळी एक आणि काळी दोन, म्हणजे नेमके भूपाचे पाच स्वर. चूक करायला जागाच नाही. जो स्वर भूपात चालत नाही, तो काळा नाही. मग मी अधाशासारखा शोध घेतला. त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी एकला मानला की दुर्गा. काळी पाचला मानला की मालकंस. काळी दोनवर धानी, काळी चारवर मधमाद सारंग. पट्ट्या त्याच, बोटं तीच, आणि एका दुपारी माझ्या खाती पाच राग जमा! लोकांची हयात जाते. जाणकार याला मूर्च्छनांचा खेळ म्हणतात आणि त्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. मी तो बिनव्याजी वापरायचं ठरवलं.

त्या महिन्यात घरी आलेल्या एकाही पाहुण्याची सुटका झाली नाही. मी आधी विचारायचो, “काय ऐकणार? दुर्गा?” निवड त्यांची आहे, असा भास मात्र व्हायला पाहिजे. मग डोळे मिटून, मान कलवून पाच काळ्या पट्ट्यांवर वर-खाली. मुलाचे सासरे आले, त्यांना सकाळी साडेदहाला मालकंस ऐकवला. ते सभ्य गृहस्थ. म्हणाले, “मालकंस मध्यरात्रीचा ना?” मी म्हटलं, “रियाज कधीही करावा लागतो.” बायको आतून म्हणाली, “मध्यरात्रीही करून झालाय, खालचे लोक येऊन गेले.”

क्लासमध्ये मात्र तीन मिनिटांत निकाल लागला. मी ऐटीत मालकंस वाजवला. तिने ऐकून घेतला आणि म्हणाली, “काका, छान भूप आहे.” मी म्हटलं, मालकंस. ती म्हणाली, “सा काळी पाच धरलाय, पण तुम्ही दर वेळी येऊन थांबताय काळी तीनवर. जिथे येऊन बसता तोच सा होतो ना.” मग जरा थांबून, अगदी हळू आवाजात, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसं म्हणाली, “पांढऱ्यांना हात लावायला पाहिजे, काका.” चौथीतला मुलगा कबुतरं सोडून माझ्याकडे बघत होता.

पाहुणे संपले होते. उरली होती ताई. रविवारी संध्याकाळी मी सांगलीला फोन लावला. “तुझी पेटी दुरुस्त केली, ऐक,” म्हणून फोन पेटीवर ठेवला आणि ठेवणीतला भूप काढला. काळी तीनवरच, आता नावही बदललं नाही. वाजवून झाल्यावर फोन कानाला लावला. पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं, बहीण भारावली.

“काळ्यांवरनं वाजवतोयस ना?” ती म्हणाली.

मी गप्प.

“मी पण तेच करायचे रे. बाई अभंग पांढऱ्यांवरनं बसवायच्या. पण पाहुणे आले की हात असे थरथरायचे की कुठली पट्टी लागेल नेम नाही. मग मी सरळ काळी तीन धरायचे. आवाज जरा खाली जायचा, पण चूक व्हायची नाही. तो सासरा झोपला, तेव्हा तर सगळा अभंग एका बोटाने वाजवला.”

एकवीस वर्षांची ताई, समोर चार अनोळखी माणसं, मांडीवर साडीचा पदर सावरलेला, आणि ती कुणाला न कळू देता पाच पट्ट्यांमागे लपलेली. मी पेटी आणून ठेवायचो आणि दाराआड पोह्यांची वाट बघायचो. मला ते दिसलं नव्हतं. एक गोष्ट मात्र ऐकली होती. बाई एकदा वडिलांना म्हणाल्या, हिला परीक्षांना बसवा, मध्यमापर्यंत सहज जाईल, पैसे नंतर द्या. वडील म्हणाले, तीन पदं बसली ना, पुरे झालं; पुढचं तिच्या सासरचे बघतील. वडील दुष्ट नव्हते. दुष्काळात त्यांनी मुलीला पेटी आणली होती, आमच्या आळीत दुसऱ्या कुणी आणली नाही. पण त्यांनी पेटीचा खर्च कुठल्या खात्यावर टाकला होता, ते मला बँकेत इतकी वर्षं काढूनही आत्ता समजलं. सासरच्यांनी काही बघितलं नाही. पन्नास वर्षं झाली. ताईला परीक्षेला बसवलं असतं, तर तिच्या मेंदूला चांगलं असतं की नाही, हे कुणी विचारलं नसतं.

“अजून येतं का तुला?” मी विचारलं.

“काय माहीत,” ती म्हणाली आणि दूधवाला आला म्हणून फोन ठेवला.

भाऊबीजेला ताई आणि दाजी गाडी करून आले. मी तिच्यासाठी इरकल घेऊन ठेवली होती. ओवाळून झालं, तबक हातात धरूनच ती म्हणाली, “साडी राहू दे. पेटी दे.”

मी हसलो. ती हसली नाही. मी दुरुस्तीचा खर्च सांगितला. ती म्हणाली, पैसे आणलेत. मी म्हटलं, माझा क्लास चालू आहे, मधेच कसं सोडणार? ती म्हणाली, तुला पाचच पट्ट्या लागतात, छोटी घे. शेवटचा उपाय म्हणून मी म्हटलं, “अगं, तिच्यात जर्मन सूर आहेत, सांभाळायला जड जातील.”

“पालिताण्याचे आहेत. बाबांनी घेतली तेव्हा मी बरोबर होते.”

बायको माझ्याकडे बघत होती. सोसायटीत ही बातमी जायला दुपारही व्हावी लागली नाही.

दाजींनीच पेटी गाडीत ठेवली. त्याआधी ताईने ती जमिनीवर घेऊन एकदा भाता ओढला आणि पांढऱ्या पट्ट्यांवर चाचपडत अर्धी ओळ वाजवली. दोन ठिकाणी अडखळली, मागे गेली, पुन्हा आली. दाजी दारात किल्ल्या घेऊन उभे होते. “हिला वाजवता येतं?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “तुम्ही कधी विचारलं नाहीत.” हे जरा जास्तच झालं, पण भाऊबीज होती आणि माझी पेटी चालली होती.

आता मी नवी पेटी बघतोय. दुकानदाराने स्केल चेंजर दाखवली. एक खटका ओढला की पट्ट्यांची सबंध फळी सरकते. बोटं आहेत तिथेच ठेवायची आणि गायकाला हवी ती पट्टी हजर. माझ्या स्वभावाला इतकं साजेसं यंत्र मी आजवर पाहिलं नव्हतं. किंमत ऐकल्यावर मात्र बोटं हलवणं परवडेल असं वाटलं.

क्लास चालू आहे. मुलगी तिच्या पेटीवर शिकवते, घरी मी जेवणाच्या टेबलाच्या कडेवर अंगठा आणतो. ताई अधूनमधून फोन करते. तिच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळात बायकांचं भजनी मंडळ आहे. त्यांचे पेटीवाले मुलाकडे पुण्याला गेले आणि आता ताई पेटीला बसते. सगळ्यांना एका रंगाच्या साड्या, गुरुवारी संध्याकाळी दोन तास. दत्तजयंतीला मोठा कार्यक्रम आहे, म्हणाली. गाणाऱ्या बायका काळी चारमध्ये गातात, म्हणून तिला आता काळ्या-पांढऱ्या दोन्ही लागतात. मी विचारलं, मी येऊ का? साथीला कुणी लागत असेल तर.

“ये की,” ती म्हणाली. “टाळाला माणूस कमी आहे.”

मी म्हटलं, “टाळ? अगं, मी पेटी शिकतोय.”

“म्हणून तर टाळ म्हणाले. त्याला पट्टी नसते, काळी नाही पांढरी नाही.”

“लय तरी असते ना,” मी जरा लागून म्हणालो.

“तेच बघायचंय,” ती म्हणाली. “बुधवारी तालमीला ये, चालला तर ठेवू.”